शब्द शोधायचा, पण अक्षरांवरून

क्यू आणि झेड ही दोन्ही अक्षरं असलेले इंग्रजी शब्द आठवून पाहा. क्विझ लगेच सुचतो. जरा डोकं खाजवलं की क्वार्ट्झ, मग एखाद्याला स्क्वीझ. त्यापुढे बहुतेकांची गाडी अडते, आणि ती इंग्रजी कच्चं असल्यामुळे अडत नाही. शब्दकोशात शब्द पहिल्या अक्षरापासून क्रमाने लावलेले असतात. आपल्या डोक्यात ते अर्थाने आणि उच्चाराने जोडलेले असतात. ‘शब्दात कुठेतरी झेड हवा’ या प्रश्नाला दोन्हीकडे सोय नाही. स्क्रॅबल (अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द बनवायचा खेळ) आणि वर्डल (सहा संधींत पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ) मात्र नेमका हाच प्रश्न विचारतात. त्याचं उत्तर झटकन मिळवायचं तर शब्दांची मांडणीच बदलावी लागते, आणि ती कशी बदलायची हा संगणकशास्त्रातला फार सुंदर भाग आहे.

‘लिसन’ हा शब्द घ्या. त्याच्या स्पेलिंगमध्ये एल, आय, एस, टी, ई, एन अशी सहा अक्षरं आहेत. त्यांची उलटापालट करून आणखी कोणते शब्द होतात हे पाहायला सगळ्या रचना तपासायच्या तर त्या 720 भरतात. त्याऐवजी हीच अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने लावा: ई, आय, एल, एन, एस, टी. ही झाली त्या शब्दाची किल्ली. शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दाची किल्ली आधीच काढून ठेवली, तर सायलेंटची किल्ली हीच निघते. एन्लिस्ट, टिन्सेल, इनलेट्स यांचीही हीच. बोलताना ज्यांचं एकमेकांशी काही नातं जाणवत नाही असे पाच शब्द एका किल्लीखाली येतात आणि एकदम हाती लागतात.

स्क्रॅबलमध्ये हातात सात सोंगट्या असतात. सातही अक्षरं वेगळी धरली, तर दोन ते सात अक्षरांच्या रचना 13,692 होतात. पण क्रमच विचारात घ्यायचा नसेल तर अक्षरांचे गट फक्त 120. म्हणजे 120 किल्ल्या पाहिल्या की काम संपलं. मुरलेले खेळाडूही अशाच किल्ल्या पाठ करतात. त्यांना ते अल्फाग्रॅम म्हणतात. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली आणि 2024 मध्ये स्पॅनिश. या दोन्ही भाषा त्यांना बोलता येत नव्हत्या. शब्दाचा अर्थ ठाऊक नसताना त्याची अक्षरं इतकी पक्की बसू शकतात, हे माणसाच्या स्मरणशक्तीबद्दल फार मोठं काही सांगून जातं.

क्यू आणि झेडचा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण तिथे बाकीची अक्षरं कोणतीही चालतात. यासाठी प्रत्येक अक्षराची स्वतंत्र यादी करतात: ज्या शब्दांत ए आहे ते सगळे एकीकडे, बी असलेले दुसरीकडे. मग हव्या त्या याद्यांत समान असलेले शब्द निवडायचे. इथली खुबी अशी की सर्वांत दुर्मीळ अक्षराची यादी आधी उघडायची. ई, झेड आणि क्यू तिन्ही हवे असतील तर ईच्या भल्यामोठ्या यादीपासून सुरुवात करणं म्हणजे वेळ वाया घालवणं. क्यूची छोटी यादी घ्यावी आणि तिच्यातले झेड नसलेले शब्द गाळावेत. ई तपासायची वेळ येते तोवर मोजकेच शब्द उरतात.

कोणतं अक्षर किती दुर्मीळ, हे स्क्रॅबलच्या पेटीतच दिसतं. अमेरिकेत 1930 च्या दशकातल्या मंदीत नोकरी गेलेल्या आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाने वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजली आणि त्या मोजणीवर खेळ उभा केला. इंग्रजी संचातल्या 100 सोंगट्यांत ई 12 आहेत, तर क्यू आणि झेड एकेकच, प्रत्येकी 10 गुणांचे. एस मात्र इंग्रजीत भरपूर येत असूनही चारच ठेवलेत. शेवटी एस लावून अनेकवचन करणं फार सोपं झालं असतं.

संगणकाला आणखी एक सोय आहे. 26 अक्षरांसाठी 26 घरं मांडायची आणि शब्दात जे अक्षर असेल त्याच्या घरात 1, नसेल तिथे 0 लिहायचं. असा प्रत्येक शब्द एक आकडा होतो आणि ‘ही अक्षरं आहेत का’ याचं उत्तर एका झटक्यात मिळतं. यात एक उणीव आहे. स्क्वीझमध्ये ई तीनदा येतो, पण घरात 1 एवढंच दिसतं. कोणतं अक्षर किती वेळा हेही हवं असेल तर परत किल्लीकडे यावं लागतं.

वर्डल खेळताना हा शोध खरा कामी येतो. तिथे आपण टाकलेल्या शब्दातलं योग्य जागचं अक्षर हिरवं होतं, शब्दात असून जागा चुकलेलं पिवळं, आणि नसलेलं अक्षर कोरं राहतं. समजा शेवटची चार अक्षरं आय, जी, एच, टी अशी हिरवी झाली. आता लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट, फाइट आणि एट, असे आठ शब्द डोळ्यांसमोर आहेत आणि संधी उरल्या तीन. एकेक टाकत बसलं तर हरण्याचीच शक्यता जास्त. अशा वेळी एफ, ई, आर, एन, एस, एल, एम यांतली जास्तीत जास्त अक्षरं असलेला शब्द शोधावा. ‘फर्न्स’मध्ये त्यातली पाच येतात. हा शब्द उत्तर असूच शकत नाही, तरी तोच टाकावा. पाचांपैकी एकाला रंग आला तर उत्तर मिळालं. एकही रंगलं नाही तर लाइट, माइट आणि टाइट एवढेच उरतात. मग ‘मेल्ट्स’ टाकला की एल किंवा एम यांच्यापैकी कोण रंगतं, की दोन्ही कोरी राहतात, यावरून तिन्हींचा निकाल लागतो आणि तिसऱ्या संधीत बरोबर शब्द लिहिता येतो. हार्ड मोड या खेळाच्या कठीण प्रकारात मात्र हिरवी अक्षरं जागच्या जागी ठेवावीच लागतात, त्यामुळे ही चाल चालत नाही.

मराठीत हेच करायचं तर आधी अक्षर म्हणजे काय ते ठरवावं लागतं. कमल आणि कलम, जहर आणि हजर यांच्या किल्ल्या बिनतक्रार जुळतात. पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर लिप्या साठवण्याच्या पद्धतीत, ‘कि’ एक अक्षर म्हणून साठवलेलं नसतं. क वेगळा, वेलांटी वेगळी. सरसकट क्रम लावला की वेलांट्या आणि काने आपापल्या अक्षरांपासून सुटून एका टोकाला जमा होतात. म्हणून आधी शब्दाचे मात्रांसह अक्षरागणिक तुकडे करायचे आणि मग क्रम लावायचा. ‘प्रश्न’चे प्र आणि श्न असे दोन तुकडे धरायचे की प, र, श, न असे चार, हे खेळ बनवणाऱ्याने ठरवायचं; सोंगट्या किती आणि त्यांवर काय छापायचं, हे त्यावरच अवलंबून आहे.