निकेलचे यश आणि लोहाचा अंश

‘पाण्यावर चालणारी मोटार’ दाखवणाऱ्या चित्रफितींत बहुधा एखाद्या गुप्त उत्प्रेरकाचा, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रियेला वेग देणाऱ्या पदार्थाचा, उल्लेख असतो. परंतु उत्प्रेरक ऊर्जा निर्माण करत नाही. विजेने पाणी फोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करताना जेवढी ऊर्जा खर्च होते, तिच्यापेक्षा जास्त ऊर्जा तोच हायड्रोजन जाळून कधीही मिळणार नाही. २५ अंश सेल्सिअसला पाण्याच्या विघटनासाठी तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरायला हवेत, प्रत्यक्षात मात्र बरेच जास्त लागतात. हा वरचा खर्च कमी करणे, एवढेच उत्प्रेरकाचे काम आहे.

खरी अडचण ऑक्सिजनच्या बाजूला, म्हणजे धनाग्रावर (द्रावणात बुडवलेल्या विजेच्या धन टोकावर) आहे. हायड्रोजनचा रेणू दोन इलेक्ट्रॉनांत तयार होतो, पण ऑक्सिजनच्या एका रेणूसाठी चार इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात आणि तोवर धातूच्या पृष्ठभागाला आधी ओएच, मग ओ आणि शेवटी ओओएच या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या अणूंच्या गटांना (ओ म्हणजे ऑक्सिजन, एच म्हणजे हायड्रोजन) क्रमाने धरून ठेवावे लागते. पकड सैल असेल तर गट चिकटतच नाहीत, फार घट्ट असेल तर सुटत नाहीत. शिवाय ओएच आणि ओओएच हे दोन्ही गट ऑक्सिजनच्याच अणूने पृष्ठभागाला जोडलेले असल्यामुळे एकावरची पकड बदलली की दुसऱ्यावरचीही तेवढीच बदलते. या दोहोंमध्ये दोन पायऱ्या आहेत, म्हणून त्यांच्यातील ऊर्जेचे अंतर १.२३ च्या दुप्पट, म्हणजे २.४६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरील ऊर्जेचे एकक) असते तर उत्तम झाले असते. धातूंच्या बहुतेक ऑक्साइडांवर ते ३.२ च्या आसपास अडकते. हा फरक ओएच ते ओ आणि ओ ते ओओएच या मधल्या दोन पायऱ्यांत वाटला, तरी प्रत्येकीला सुमारे ०.३७ व्होल्ट जादा द्यावे लागतात.

आम्लधर्मी घटात या कामासाठी दुर्मीळ आणि महागडे इरिडियम वापरतात, कारण स्वस्त धातू तेथे विरघळून जातात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या अल्कधर्मी द्रावणात मात्र निकेल टिकते, आणि मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट येथेच घडली. निकेलच्या बॅटऱ्या बनवणाऱ्यांना लोहाची अशुद्धी नकोशी असे, कारण तिच्यामुळे चार्जिंगच्या वेळी ऑक्सिजन सुटून वीज वाया जाते. पाणी फोडणाऱ्याला तर नेमका तोच ऑक्सिजन हवा असतो! संशोधक डेनिस कॉरिगन यांनी १९८७ मध्ये लोहाच्या अत्यल्प अंशाचा हा परिणाम दाखवून दिला. पुढे २०१४ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठातील संशोधकांनी द्रावणातील लोह काळजीपूर्वक काढून टाकले, तेव्हा निकेलची कार्यक्षमता घसरली. निकेलच्या नावावर जमा झालेले बरेचसे श्रेय बाजारातल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधून नकळत आलेल्या लोहाचे होते.

लोहाचा अणू तेथे नेमके काय करतो, यावर अजून एकमत नाही. तो काम करता करता द्रावणात निसटतो आणि द्रावणात थोडे लोह शिल्लक असेल तर पुन्हा पृष्ठभागावर येऊन बसतो. त्यामुळे अशा घटात धनाग्राइतकीच द्रावणाची घडणही सांभाळावी लागते.