तेराव्या वर्षी संसार? मध्ययुगीन युरोपातल्या किशोरवयाची पार्श्वभूमी

मध्ययुगात मुलं बारा-तेराव्या वर्षीच संसाराला लागत आणि किशोरवय ही आधुनिक काळाची चैन आहे, असं आपण सर्रास ऐकतो. या समजाला विद्वत्तेचं बळ मिळालं ते १९६० मध्ये. फिलिप आरिएस या फ्रेंच अभ्यासकाने तेव्हा मांडलं की मध्ययुगीन समाजाला बालपणाची वेगळी जाणीवच नव्हती. जरा स्वतःचं स्वतः करू लागलेलं मूल सरळ मोठ्यांच्या जगात मिसळून जाई. पुढच्या काही दशकांत बार्बरा हानावॉल्ट, शुलामिथ शाहर, निकोलस ओर्म यांच्यासारख्या इतिहासकारांनी कोर्टाचे कागद, करारपत्रं, अपमृत्यूंच्या चौकशीच्या नोंदी बारकाईने वाचल्या. त्यातून दिसलेली मुलं अगदी वेगळी होती.

लवकर लग्नाचा समज मुख्यतः राजघराण्यांवरून आला. चर्चच्या कायद्याने मुलगी १२ व्या आणि मुलगा १४ व्या वर्षी लग्नाला संमती देऊ शकत असे. ही वयं मुळात रोमन कायद्यातली, आणि इंग्लंडमध्ये ती थेट १९२९ पर्यंत कायम होती. १४५५ मध्ये इंग्लंडच्या राजघराण्यातल्या मार्गारेट बोफर्टचं लग्न एडमंड ट्यूडरशी झालं तेव्हा ती १२ वर्षांची होती. जानेवारी १४५७ मध्ये, तेराव्या वर्षी, तिने मुलाला जन्म दिला. तो पुढे सातवा हेन्री म्हणून इंग्लंडच्या गादीवर आला. एडमंड त्याआधीच वारला होता. मार्गारेटची पुढे आणखी लग्नं झाली, पण तिला पुन्हा मूल झालं नाही. १४९८ मध्ये तिच्या लहानग्या नातीला स्कॉटलंडच्या राजाला देण्याची बोलणी चालली होती. त्या वेळी मुलीला इतक्या लवकर पाठवायला आजीचा आणि आईचा, दोघींचा विरोध असल्याचं स्पॅनिश राजदूताने कळवलं होतं. राजा थांबणार नाही आणि पोरीला इजा करील, ही त्यांची भीती होती. अशी लग्नं राजकारणासाठी होत, आणि त्यांची किंमत कोण मोजतं हे त्या काळच्या बायकांना पुरेपूर ठाऊक होतं.

सामान्य घरांत चित्र वेगळं होतं. फ्लॉरेन्सच्या राज्यात १४२७ मध्ये करासाठी घरोघरची मोजदाद झाली. त्यावरून तिथल्या मुली साधारण अठराव्या वर्षी लग्न करत असं दिसतं. पुरुष त्यांच्यापेक्षा बरेच मोठे असत. उत्तरेकडे इंग्लंडमध्ये लग्न म्हणजे वेगळं बिऱ्हाड, त्यामुळे आधी चार पैसे गाठीला बांधावे लागत. काळ्या मरीनंतरच्या, म्हणजे चौदाव्या शतकातल्या प्लेगच्या साथीनंतरच्या, इंग्लंडविषयीचे बरेचसे पुरावे विशीतल्या लग्नांकडे बोट दाखवतात. म्हणजे वयात येणं आणि लग्न यांच्यात आठ-दहा वर्षं मोकळी राहत.

ही वर्षं अनेकदा दुसऱ्याच्या घरात जात. खेड्यातली मुलं-मुली शेतावर सालाने राहत. साल संपलं की मालक बदलायचा. १५०० च्या सुमारास इंग्लंडला आलेल्या एका व्हेनिसच्या माणसाने तर संतापून लिहून ठेवलंय की हे लोक सात ते नऊ वर्षांची पोरं परक्याच्या घरी कष्टाला धाडतात. त्याचा राग अतिरंजित असेल, पण घर सोडणं ही तिथली रीतच होती. शहरातल्या मुलांसाठी उमेदवारी असे, म्हणजे मालकाच्या घरी राहून हुन्नर शिकणं. लंडनमध्ये ती किमान सात वर्षांची. आधी मुलं चौदाच्या आसपास लागत. पंधराव्या शतकात हे वय वाढून सोळा-अठरापर्यंत गेलं. करार एकाच कातड्यावर दोनदा लिहून मधून नागमोडी कापत. एक तुकडा मालकाकडे, दुसरा मुलाच्या बाजूला. वाद उठला तर दोन्ही कडा जुळवून पाहायच्या.

त्या करारातल्या अटी वाचल्या की मला आजची घरं आठवतात. गुत्त्यात जायचं नाही, फासे खेळायचे नाहीत, मालकाचा माल उधळायचा नाही, त्याच्या परवानगीवाचून लग्न करायचं नाही. मालकाने हुन्नर शिकवायचा आणि अन्न, कपडे, जोडे, अंथरूण द्यायचं. पगार सहसा नसे. उलट मुलाच्या घरच्यांनाच बऱ्याचदा रक्कम भरावी लागे. मालक हात उगारतो, उपाशी ठेवतो, काम शिकवतच नाही, अशा तक्रारी घेऊन ही मुलं लंडनच्या मेयरच्या कोर्टात उभी राहत, आणि करार रद्दही होत. मुलीही लंडनच्या रेशीमकाम करणाऱ्या बायकांकडे अशीच उमेदवारी करत, पण त्या बायकांचा स्वतःचा संघ नव्हता.

दंगामस्तीला तोटा नव्हता. बाराव्या शतकात विल्यम फिट्झस्टीफन या लेखकाने लंडनच्या पोरांचं वर्णन केलंय: गोठलेल्या दलदलीवर जनावरांची हाडं पायाला बांधून, टोकदार काठीने रेटा देत ती घसरत सुटतात आणि एकमेकांवर आदळून हातपाय मोडून घेतात. फुटबॉलच्या गोंगाटामुळे १३१४ मध्ये शहरात त्यावर बंदी आली. विद्यापीठांत चौदा-पंधरा वर्षांची मुलं दाखल होत. १२२९ मध्ये पॅरिसमध्ये गुत्त्यातल्या बिलावरून पेटलेल्या भांडणात विद्यार्थी मारले गेले, शिक्षकांनी शिकवणं बंद केलं, आणि १२३१ मध्ये पोपने विद्यापीठाला सनद दिली तेव्हा कुठे ते मिटलं.

शरीराचाही पुरावा आहे. मध्ययुगीन इंग्लंडमधल्या तरुणांच्या सांगाड्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की वयात येणं आजच्यासारखंच १० ते १२ व्या वर्षी सुरू होई, पण पूर्ण व्हायला जास्त काळ लागे. पाळी साधारण पंधराव्या वर्षी येई, लंडनमध्ये कधी त्याहून उशिरा. अपुरं अन्न, आजार आणि कष्ट यांचा हा परिणाम.

मग बदललं काय? माझ्या मते, सोबत. कारखान्यात कोंबलेल्या मुलांना आधी कायद्याने थोडं सोडवलं, मग शाळेने आत घेतलं. इंग्लंडमध्ये १८८० मध्ये १० वर्षांपर्यंत शाळा सक्तीची झाली, १९१८ च्या कायद्याने १४, १९४७ मध्ये १५ आणि १९७२ मध्ये १६ पर्यंत. एकाच वयाची तीस-चाळीस मुलं रोज एका खोलीत बसतात, हा अनुभव सुताराच्या किंवा सोनाराच्या घरी वाढणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोराला नव्हता. त्याच्याभोवती मालक, मालकीणबाई, मोठे कारागीर आणि मालकाची लहान मुलं असत. त्याची चूक मोठ्यांसमोर होई, आणि त्याचं कौतुकही मोठेच करत.

शाळेचं वय वाढत गेलं, सज्ञान होण्याचं वय मात्र शेवटी खाली आलं. बाराव्या शतकाअखेरच्या इंग्रजी कायद्यात सरदाराचा मुलगा २१ व्या वर्षी सज्ञान होई, साध्या जमीनधारकाचा १५ व्या, आणि शहरी व्यापाऱ्याचा मुलगा नाणी मोजता आली, कापड मापता आलं आणि बापाचा धंदा सांभाळता आला की. पुढे सरदारांचा २१ चा नियम सगळ्यांनाच लागू झाला आणि १९७० पर्यंत टिकला. मग तो १८ वर आला. भारतात १८७५ च्या कायद्याने सज्ञानतेचं वय १८ ठरवलं, पण पालक कोर्टाने नेमलेला असेल तर २१ ची अट ठेवली. ती १९९९ मध्ये गेली. मतदानाचं वयही १९८९ पर्यंत २१ च होतं.