ब्लॅकबेरी सोलापूरच्या उन्हात फळेल का? आधी तिचा इतिहास बघा

हल्ली ऑनलाइन नर्सऱ्यांमुळं ब्लॅकबेरीची रोपं सोलापुरात घरपोच यायला लागलीत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, आपल्या उन्हात ही जगणार का. नीट सांभाळली तर जगते, पण फळ धरेल का ते तुम्ही कुठली जात घेतली त्यावर आहे, आणि जात समजायची तर थोडं मागं जावं लागतं.

युरोप-अमेरिकेत ही मुळात रानातली काटेरी झुडपं, बांधाला आपोआप उगवायची, लोक तोडून खायचे. अमेरिकेत १९व्या शतकात बागेत लावायला सुरुवात झाली. १८८० च्या दशकात कॅलिफोर्नियात सांताक्रूझला जेम्स लोगन या जजसाहेबांच्या बागेत ब्लॅकबेरी आणि रास्पबेरीचा आपोआप संकर झाला, तीच लोगनबेरी. १८८५ मध्ये ल्यूथर बरबँक या नवीन जाती तयार करणाऱ्या अमेरिकन माणसानं भारतातून आलेलं बी म्हणून एक जात आणली, नाव ठेवलं हिमालया जायंट, पण झाड निघालं आर्मेनियाकडचं, आणि आज अमेरिकेतल्या ओरेगॉन-वॉशिंग्टन राज्यांत ते तण म्हणून माजलंय.

या जुन्या जातींची गोम अशी की पहिल्या वर्षी फांदी नुसती वाढते, हिवाळ्यात भरपूर थंडी खाते, मग दुसऱ्या वर्षी फळते आणि वाळून जाते, केळीचा घड उतरला की खुंट संपतो ना, तसंच. आता बऱ्याच जातींना ७ अंशांखालची थंडी काही शे तास लागते, आपल्याकडं डिसेंबरात पहाटे १४-१५ झालं की स्वेटर निघतात, मग कळी फुटणार कुठून?

खरा बदल केला अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठानं. १९६४ पासून जेम्स मूर यांनी तिथं ब्लॅकबेरीवर काम सुरू केलं, व्हर्जिनियातलं एक झाड पहिल्याच वर्षी फळायचं, त्याचा संकर टेक्सासच्या ब्राझोस जातीशी केला, आणि एवढी वर्षं खपून २००४ ला प्राइम-जॅन आणि प्राइम-जिम बाहेर आल्या. यांना प्रायमोकेन म्हणतात, म्हणजे यंदाच्याच फांदीला फळ, थंडीची वाट बघायची गरज नाही. पुढं बिनकाट्याची प्राइम-आर्क फ्रीडमही आली. मला विचाराल तर आपल्यासारख्या गरम गावांसाठी एवढं मोठं काम दुसरं झालेलं नाही. तिकडं मेक्सिकोत ब्राझीलची टूपी जात लावून, फांद्या छाटून, औषध मारून पानं गाळून थंडीशिवाय पीक काढतात, पण घरच्या कुंडीला तो खटाटोप झेपणारा नाही.

म्हणून रोप घेताना नर्सरीवाल्याला प्रायमोकेन आहे का ते आधी विचारा. ३०-३२ अंशांच्या वर फूल आलं तरी त्याचं फळ नीट धरत नाही, त्यामुळं पाऊस लागला की सगळ्या फांद्या जमिनीलगत छाटा, नवीन फांदी कमरेच्या वर गेली की शेंडा खुडा, म्हणजे फुलं दिवाळीच्या पुढं थंड दिवसांत येतील. आपली काळी माती पाणी धरते आणि मुळं कुजतात, मोठी कुंडी घेऊन लाल माती, शेणखत आणि कोकोपीट भरा. बोअरच्या पाण्यानं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर लोह मिळत नाहीये, ब्लॅकबेरीला थोडी आंबट म्हणजे आम्लधर्मी माती लागते, त्यासाठी थोडं गंधक मिसळा आणि पावसाचं पाणी साठवून घाला. मार्चपासून जूनपर्यंत शेडनेट पाहिजेच, कुंडी तापलेल्या स्लॅबवर नको, पूर्वेच्या भिंतीला ठेवा, सकाळचं ऊन पुरतं तिला.