व्हिडिओद्वारे कंपन-निदान

चालू यंत्राचे चित्रण करून त्यातली डोळ्यांना न दिसणारी हालचाल संगणकावर कित्येक पटींनी वाढवून पाहण्याची आणि त्यावरून बिघाडाचे मूळ शोधण्याची पद्धत. तिला गतिवर्धन असेही म्हणता येईल.

मिनिटाला १,५०० फेरे घेणारा पंप सेकंदाला २५ वेळा थरथरतो. त्याच्या बेअरिंग हाउसिंगवर (फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या बेअरिंगच्या कवचावर) कंपनवेग ४.५ मिमी प्रतिसेकंद (आरएमएस, म्हणजे एक प्रकारची सरासरी) भरला, तर प्रत्यक्ष हालचाल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम ०.०८ मिमी असते. दोन मीटर रुंदीचा भाग २,००० पिक्सेलमध्ये टिपला, तर एका पिक्सेलला एक मिमी येतो. म्हणजे ही हालचाल पिक्सेलच्या बाराव्या हिश्श्याएवढीच. तरीही ती सापडते, कारण कड इतकीशी सरकली तरी त्या पिक्सेलचा उजळपणा किंचित कमीजास्त होतो. हा बदल चौकटीमागून (फ्रेममागून) चौकट मोजायचा, हव्या त्या वारंवारतेचा तेवढा वेगळा काढायचा आणि वाढवून चित्रात परत मिसळायचा, एवढेच हे तंत्र. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २००५ मध्ये गतिवर्धनाची पहिली रीत मांडली. ती वस्तूच्या बिंदूंचा माग काढत असे. २०१२ च्या ‘ऑयलरीय’ रीतीने माग काढणे सोडून जागच्या जागी पिक्सेलवर नजर ठेवली, आणि २०१३ मध्ये लहरीच्या कलेवर (फेजवर) आधारलेल्या रीतीने चित्रातला खरखरीतपणा बराच कमी केला.

अ‍ॅक्सिलरोमीटर (यंत्राला चिकटवून कंपन मोजणारा सेन्सर) जिथे लावला तिथलेच सांगतो. कॅमेरा मोटर, बेसप्लेट, फाउंडेशन आणि पाइप एकाच वेळी दाखवतो, आणि या पद्धतीची खरी ताकद तीच आहे. उदाहरणार्थ, मोटरच्या पायाचा बोल्ट पान्याला घट्ट लागतो, पण वाढवलेल्या चित्रात मोटरचा एकच पाय प्रत्येक फेऱ्याला उचलला जातो आणि खालचे काँक्रीट मात्र स्थिर असते. पाय आणि प्लेट यांमधली फट उघडते-मिटते. तिथे लालसर भुकटी साचलेली असेल तर ती लोखंडाने लोखंड घासल्याची खूण. अशा वेळी रोटरचे (फिरत्या भागाचे) बॅलन्सिंग पुन्हा पुन्हा करत बसण्यापेक्षा शिम (पायाखालच्या पातळ पट्ट्या) आणि ग्राउटिंग (प्लेटखाली ओतलेला भराव) तपासणे शहाणपणाचे. सैल पाया, कमकुवत आधार, पाइपचा अनुनाद (स्वतःच्या नैसर्गिक वारंवारतेला जोरात थरथरणे), कपलिंगपाशी (दोन दांडे जोडणाऱ्या भागापाशी) दोन यंत्रांचे उलट दिशांना डोलणे, हे दोष व्हिडिओत चटकन कळतात.

बेअरिंगची सुरुवातीची झीज मात्र कळत नाही. १,००० हर्ट्झला १ मिमी प्रतिसेकंद इतक्या शिखरवेगाची हालचाल म्हणजे मध्यस्थितीपासून सुमारे ०.१६ मायक्रॉन, ती कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेरची. तिथे अ‍ॅक्सिलरोमीटरच हवा. शिवाय चौकटींचा वेग कंपनाच्या वारंवारतेच्या दुपटीहून जास्त लागतो. सेकंदाला ३० चौकटी घेणाऱ्या साध्या कॅमेऱ्यात मिनिटाला १,७४० फेऱ्यांच्या, म्हणजे २९ हर्ट्झच्या यंत्राचे कंपन सेकंदाला एकदा संथ डोलल्यासारखे दिसते, आणि नवखा माणूस त्या संथ डोलण्याचेच कारण शोधत बसतो. सेन्सर ओळीओळीने वाचणारा कॅमेरा असेल तर सरळ खांबही वाकडा होऊन नाचतो. ५० हर्ट्झच्या विजेवरचे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, तेही हालचालीचा भास निर्माण करू शकतात. ट्रायपॉडखालची जमीन हादरत असेल तर सगळे चित्रच हादरते. म्हणून एखादी स्थिर भिंत किंवा खांब चौकटीत ठेवावा आणि त्याच्याशी तुलना करावी. कॅमेऱ्याच्या रोखाने होणारी हालचाल जवळजवळ दिसतच नाही, तेव्हा दोन बाजूंनी चित्रण करणे बरे.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे चित्राचा थाट. पन्नास पटींनी वाढवले की धडधाकट यंत्रही उखडून पडेल असे वाटते, आणि ते पाहणाऱ्याचा धीर सुटतो. म्हणून क्लिपवर वाढीचा पट, वारंवारता आणि विस्थापन (प्रत्यक्ष हालचाल) लिहून ठेवतात, आणि दुरुस्तीनंतरचे चित्रण त्याच जागेवरून, त्याच पटीने करतात.