कॉलेजची पावती हातात आली तरी प्रवेश कच्चाच असतो

महाराष्ट्रातल्या खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग, फार्मसी, एमबीएच्या प्रवेशांवर २०१५ च्या कायद्याने नेमलेलं प्रवेश नियामक प्राधिकरण लक्ष ठेवतं. फीचं काम शुल्क नियामक प्राधिकरणाकडे. कॉलेजने दिलेला प्रवेश नियामकाने मान्य केला, तरच तो पक्का.

नोंदणी, कागदपत्र तपासणी, पसंतीक्रम, कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेऱ्या हे राज्याच्या सीईटी (सामायिक प्रवेश परीक्षा) कक्षाच्या पोर्टलवर सूचना वाचत केलं की होतं. माणसं अडकतात ती दाखल्यांवर.

राखीव जागेसाठी लागणारं जात वैधता प्रमाणपत्र सगळ्यांत त्रासाचं. पडताळणी समिती वडिलांकडच्या नातेवाइकांचे जुने पुरावे मागते: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. आजोबा शाळेतच गेले नसतील तर दाखला आणायचा कुठून, याचं उत्तर खिडकीवर कुणी देत नाही. मग आजोबांच्या भावंडांचा शाळेच्या जनरल रजिस्टरातला उतारा, गावच्या जुन्या कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद शोधा. वडील, सख्खे काका किंवा चुलत भावाची वैधता झालेली असेल तर ती आधी जोडा. अर्ज अकरावी-बारावीतच करा. समितीची पोचपावती सुरुवातीला चालते, पण ठरलेल्या तारखेपर्यंत मूळ प्रमाणपत्र दिलं नाही तर राखीव जागा जाते. मुदतवाढ काही वर्षी मिळाली आहे. तिच्या भरवशावर राहू नका.

नॉन-क्रीमीलेअर दाखल्यावर (कुटुंब मागासवर्गातल्या उन्नत गटात मोडत नाही, असा दाखला) लोक काढल्याची तारीख बघतात. बघायची ती वैधतेची. उदाहरणार्थ, २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध दाखला लागत होता. ३१ मार्च २०२५ ला संपलेला बाद. ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखला राज्याच्या नमुन्यातला हवा, जेईईसाठी काढलेला केंद्राचा इथे चालत नाही.

कॉलेज स्वतः भरतं त्या संस्था स्तरावरच्या जागांना 'मॅनेजमेंट कोटा' म्हणतात, म्हणून तिथे पैसे दिले की झालं असा समज पसरलाय. तिथेही जाहिरात, अर्ज आणि गुणवत्ता यादी लागते. यादीत नाव नसताना 'सीट बुक करतो' म्हणणाऱ्या एजंटाला पैसे दिलेत, तर नियामक तो प्रवेश नाकारतो आणि वर्ष मुलाचं जातं. प्रवेशासाठी देणगी घेणं १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे; पावतीशिवाय रुपयाही देऊ नका. शिवाय या जागांवर राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्ती मिळत नाही, ती कॅपमधून आलेल्यांनाच. हे कॉलेज आपणहून सांगेल अशी आशा ठेवू नका.

फी भरल्यावर कॉलेजने तुमचा प्रवेश पोर्टलवर चढवला का, तेही विचारा. अंतिम तारखेनंतर चढवलेला प्रवेश टिकत नाही, चूक कॉलेजची असली तरी.