जुन्या संगणकाला बूटेबल पेनड्राइव्ह का दिसत नाही?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील वर्कशॉपमध्ये सीएनसी (प्रोग्रामवर चालणाऱ्या) यंत्राच्या शेजारी पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा संगणक अजूनही रोजच्या कामात असलेला दिसतो. जुन्या यंत्राला प्रोग्राम पाठवण्यासाठी जो सिरियल पोर्ट लागतो, तो या संगणकांत मदरबोर्डवरच असतो; त्यामुळे संगणक जुना झाला तरी त्याचे काम संपलेले नसते. अशा संगणकांपुढे आता नवी अडचण उभी आहे. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला आणि विंडोज ११ साठी यूईएफआय (संगणक सुरू करणारा नव्या पद्धतीचा प्रोग्राम), टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) व बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. म्हणून अनेक जण पेनड्राइव्हवर लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) घेऊन ते जुन्या संगणकावर बसवायचा प्रयत्न करतात, आणि नव्या लॅपटॉपवर सुरळीत चालणारा तोच पेनड्राइव्ह जुन्या संगणकाला दिसतच नाही. पेनड्राइव्ह खराब आहे किंवा संगणक भंगारात काढायच्या लायकीचा झाला आहे, असा निष्कर्ष तेव्हा घाईने काढला जातो. बहुतेक वेळा दोन्ही वस्तू चांगल्या असतात; त्यांच्यातली साखळी एखाद्या कडीपाशी तुटलेली असते आणि ती कडी शोधता येते.

सर्वप्रथम एक भेद लक्षात घेतला पाहिजे. विंडोज सुरू असताना पेनड्राइव्ह दिसणे आणि बूटच्या वेळी, म्हणजे संगणक सुरू होऊन ऑपरेटिंग सिस्टिम चढत असताना, दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोज चालू असते तेव्हा पेनड्राइव्ह वाचण्याचे काम तिचे स्वतःचे ड्रायव्हर करतात. संगणक सुरू करण्याचे बटण दाबल्यावर पहिले काही क्षण मात्र विंडोजही नसते आणि लिनक्सही नसते. त्या वेळी असतो तो फक्त मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस हा छोटासा प्रोग्राम, आणि त्याला जेवढे माहीत आहे तेवढेच संगणकाला दिसते. ‘विंडोजमध्ये तर दिसतो, मग बूट का होत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे.

बायोसची ही पद्धत १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीपासून चालत आली आहे. तेव्हा बूट करण्याचे साधन म्हणजे फ्लॉपी, आणि पुढे हार्डडिस्क. सीडीवरून बूट करण्याची प्रमाण पद्धत १९९५ मध्ये ठरली. यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ ची आणि पेनड्राइव्ह बाजारात आले २००० सालाच्या अखेरीस, म्हणजे बायोसच्या मूळ कल्पनेत पेनड्राइव्हला जागाच नव्हती. मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी यावर तोडगा असा काढला की बायोसने पेनड्राइव्हला ओळखीच्याच एखाद्या साधनाच्या नावाने वागवायचे. म्हणूनच २००३-०४ च्या सुमारास बनलेल्या मदरबोर्डच्या बूट यादीत यूएसबी-एफडीडी (फ्लॉपी), यूएसबी-झिप (झिप डिस्क), यूएसबी-एचडीडी (हार्डडिस्क) आणि यूएसबी-सीडीरॉम असे वेगवेगळे पर्याय दिसतात. पेनड्राइव्ह हार्डडिस्कच्या पद्धतीने तयार केला असेल आणि यादीत यूएसबी-झिप निवडलेले असेल, तर बायोस त्याकडे चुकीच्या नजरेने पाहतो आणि पुढे निघून जातो. अशा संगणकावर आधी यूएसबी-एचडीडी निवडून पाहावे.

आता पेनड्राइव्हच्या बाजूने पाहू. जुना बायोस पेनड्राइव्हवरच्या फाइल वाचत नाही. फोल्डर, फाइलची नावे, फॅट-३२ की एनटीएफएस, यांतले त्याला काहीच कळत नाही. तो फक्त पहिले ५१२ बाइट मेमरीत उचलून घेतो. या ५१२ बाइटच्या तुकड्याला एमबीआर म्हणतात. त्यातल्या पहिल्या ४४६ बाइटमध्ये बूटची सुरुवात करून देणारा चिमुकला प्रोग्राम असतो, त्यापुढच्या ६४ बाइटमध्ये जास्तीत जास्त चार पार्टिशनची (डिस्कच्या भागांची) नोंद असते आणि शेवटच्या दोन बाइटमध्ये एक ठरलेली खूण असते, जी षोडशमान पद्धतीत ५५ आणि एए अशी लिहिली जाते. ही खूण सापडली नाही तर सर्वसाधारणपणे बायोस त्या साधनाला बूट करण्याजोगे मानत नाही. काही बायोस याहून कडक असतात. चारपैकी एका पार्टिशनवर ‘सक्रिय’ अशी नोंद नसेल तरी ते नकार देतात. सोळा जीबीचा पेनड्राइव्ह चालणार की नाही, याचा निवाडा या अर्ध्या केबीत होतो, हे मला आजही विलक्षण वाटते.

नव्या संगणकांतल्या यूईएफआयची रीत याहून वेगळी आहे. इंटेलने नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केलेले हे काम २००५ मध्ये अनेक कंपन्यांच्या सामाईक मंचाकडे गेले. यूईएफआयला फॅट-३२ वाचता येते. ते पेनड्राइव्ह उघडून ‘ईएफआय’ फोल्डरमधल्या ‘बूट’ या फोल्डरात ठरावीक नावाची फाइल शोधते आणि ती चालवते. आयएसओमधल्या, म्हणजे इन्स्टॉलेशन डिस्कची नक्कल असलेल्या एका मोठ्या फाइलमधल्या, फाइल फॅट-३२ पेनड्राइव्हवर नुसत्या उलगडून ठेवल्या तरी नवा लॅपटॉप बूट होतो, त्याचे कारण हे. जुना बायोस मात्र त्याच पेनड्राइव्हच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये प्रोग्राम शोधतो, तो तिथे नसतो, आणि पडद्यावर ‘बूट डिव्हाइस सापडले नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. पेनड्राइव्ह जीपीटी या पार्टिशनच्या नव्या पद्धतीने आणि केवळ यूईएफआयसाठी तयार केला असेल तरी हाच परिणाम होतो.

दोष शोधताना पडद्यावर नेमके काय दिसते याला सर्वाधिक महत्त्व द्यावे. पहिला प्रश्न असा, की बूट यादीत पेनड्राइव्हचे नाव येते का? ही यादी संगणक सुरू होताच एखादी कळ वारंवार दाबून उघडते. डेल आणि लेनोवोच्या बहुतेक संगणकांवर ती एफ-१२ असते, एचपीवर एफ-९ किंवा एस्केप, आणि असूसच्या मदरबोर्डवर एफ-८. सेटअपमध्ये शिरण्यासाठी बहुधा डिलीट किंवा एफ-२ लागते. पेनड्राइव्ह आधी लावावा आणि मगच संगणक सुरू करावा. चालू झाल्यावर लावलेला पेनड्राइव्ह जुना बायोस पुष्कळदा मोजतच नाही.

एएमआय कंपनीच्या बायोसमध्ये एक खाचखळगा आहे आणि अनुभवी माणसेही तिथे अडखळतात. बूट क्रमवारीच्या पानावर ‘रिमूव्हेबल डिव्हाइस’ला पहिले स्थान दिले तरी संगणक हार्डडिस्कवरूनच सुरू होतो, कारण या बायोसने पेनड्राइव्हला हार्डडिस्क मानून दुसऱ्याच यादीत ठेवलेले असते. त्याच पानावर थोडे खाली ‘हार्ड डिस्क ड्राइव्ह्ज’ नावाची वेगळी ओळ असते. ती उघडली की संगणकातली हार्डडिस्क पहिल्या क्रमांकावर आणि पेनड्राइव्ह दुसऱ्या क्रमांकावर बसलेला सापडतो. तिथे पेनड्राइव्ह वर आणला की मूळ क्रमवारीत त्याचे नाव उमटते. पेनड्राइव्ह काढून संगणक सुरू केला की हा क्रम बहुधा पुसला जातो, त्यामुळे पुढच्या वेळी तो पुन्हा लावावा लागतो.

नाव कुठल्याच यादीत नसेल तर तपास विजेच्या आणि जोडणीच्या बाजूने करावा. कॅबिनेटच्या समोरचे पोर्ट एका वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात. ती वायर सैल होते, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यातली ओल व फाउंड्रीच्या परिसरातली बारीक धूळ मिळून त्या पोर्टचे संपर्क खराब करतात. म्हणून पेनड्राइव्ह थेट मदरबोर्डवरच्या, म्हणजे मागच्या पोर्टला लावावा, मध्ये हब असू नये, आणि निळा यूएसबी ३.० पोर्ट सोडून काळा २.० पोर्ट निवडावा. यूएसबी ३.० चा प्रमाण मसुदा २००८ च्या नोव्हेंबरातला आहे. सुरुवातीच्या अनेक मदरबोर्डवर त्यासाठी वेगळी चिप बसवलेली असे आणि बायोसला ती चालवता येत नसे. यानंतर सेटअपमध्ये ‘लेगसी यूएसबी सपोर्ट’ चालू आहे ना आणि ‘फास्ट बूट’ बंद आहे ना, हे पाहावे. दुसरा, शक्यतो कमी क्षमतेचा पेनड्राइव्हही लावून पाहावा, कारण काही जुने बायोस मोठ्या क्षमतेपुढे अडखळतात.

सेटअपमध्ये केलेला बदल दुसऱ्या दिवशी नाहीसा झालेला दिसला आणि तारीख कित्येक वर्षे मागे गेली असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ हा नाण्याच्या आकाराचा सेल तपासावा. नवा सेल मल्टिमीटरवर ३ व्होल्टच्या आसपास असतो, २.७ व्होल्टच्या खाली गेलेला सेल बदलून टाकणेच बरे. हा सेल कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो, आणि तो संपल्यामुळे ‘लेगसी यूएसबी’सारखी नोंद रोज मूळ स्थितीला जात असेल तर बाकीचे सगळे उपाय व्यर्थ ठरतात.

नाव दिसते, पण निवडल्यावर काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत राहतो किंवा ‘ऑपरेटिंग सिस्टिम नाही’ असा संदेश येतो, तेव्हा साखळी पुढच्या कडीपाशी तुटलेली असते. म्हणजे बायोसला पेनड्राइव्ह सापडला, पण त्यावरची मांडणी जमली नाही. आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर जशीच्या तशी कॉपी केलेली असणे हे याचे सर्वात साधे कारण होय. (व्हेंटॉयसारख्या साधनात आयएसओ नुसती कॉपी करता येते, पण त्यासाठी व्हेंटॉयने स्वतःचा बूट प्रोग्राम आधी पेनड्राइव्हवर बसवलेला असतो.) रुफस हे पेनड्राइव्ह तयार करण्याचे साधन वापरत असाल तर पार्टिशन स्कीम एमबीआर आणि टार्गेट सिस्टिम बायोस अशी निवड करावी, त्यातच जुन्या बायोससाठीच्या दुरुस्त्यांचा एक पर्यायही दिलेला असतो. लिनक्सच्या आयएसओसाठी रुफस आयएसओ पद्धत (फाइल उलगडून ठेवणारी) आणि डीडी पद्धत (डिस्कची नक्कल बाइटगणिक उतरवणारी) यांपैकी कोणती हवी असे विचारते. एकीने बूट झाले नाही तर दुसरी वापरावी. दोन्ही पद्धतींत पेनड्राइव्हवरचा मजकूर पुसला जातो, हे ध्यानात ठेवावे.

बूट सुरू होऊन मध्येच थांबत असेल तर प्रोसेसर ६४ बिटचा आहे का ते पाहावे. जुन्या पेंटियम ४ पैकी अनेक प्रोसेसर ३२ बिटचे आहेत आणि त्यांच्यावर ६४ बिटचे लिनक्स चालत नाही. लिनक्सचाच एक प्रकार असलेल्या डेबियनने ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केला, त्यामुळे तिथे १२ वी आवृत्ती घ्यावी लागते. लिनक्स ‘लाइव्ह’ स्वरूपात, म्हणजे न बसवता थेट पेनड्राइव्हवरून, उघडले तर काहीही पुसण्याआधी सिरियल पोर्ट आणि प्रिंटर चालतात का हे पाहून घ्यावे. वर्कशॉपच्या संगणकाबाबत ही तपासणी मी अनिवार्य मानतो.

बायोसला यूएसबीवरून बूट करताच येत नसेल तरी मार्ग उरतो. प्लॉप बूट मॅनेजर हा छोटा प्रोग्राम सीडीवरून किंवा फ्लॉपीवरून सुरू होतो, स्वतःच्या यूएसबी ड्रायव्हरने पेनड्राइव्ह वाचतो आणि बूट पुढे नेतो. सीडी ड्राइव्हही बंद असेल तर हार्डडिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी, तिथे बायोस पद्धतीने लिनक्स बसवावे आणि ती परत आणावी. संगणक बदलला तरी लिनक्स सहसा तक्रार करत नाही. बायोसची नवी आवृत्ती चढवणे हा उपाय मात्र मी सर्वात शेवटी ठेवतो, कारण ते काम सुरू असताना वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो, आणि वळवाच्या दिवसांत यूपीएसशिवाय ते करूच नये.

सेटअपमधली कोणतीही नोंद बदलण्यापूर्वी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. लेगसीचे (जुन्या बायोस पद्धतीचे) यूईएफआय केले किंवा सॅटाची (हार्डडिस्कच्या जोडणीची) पद्धत बदलली, तर आधीपासून असलेली विंडोजही सुरू होईनाशी होते. तेव्हा तो फोटो पाहून सगळे पूर्ववत करता येते. इन्स्टॉलेशन पूर्ण झाले की पेनड्राइव्ह काढून क्रमवारीत हार्डडिस्क पुन्हा पहिल्या स्थानी आणावी, नाहीतर पुढे कोणी दुसराच पेनड्राइव्ह लावून ठेवला की संगणक सुरू होताना त्याच्यावरच अडून राहतो.