पेलेजियसवाद

पेलेजियसवाद : माणूस जन्मतः निष्पाप असतो आणि देवाच्या आज्ञा पाळण्याचे सामर्थ्य त्याच्या इच्छाशक्तीत मुळातच असते, असे मानणारे ख्रिस्ती मत. पाचव्या शतकात लॅटिन चर्चने ते पाखंड ठरवले. त्याच्या पुरस्कर्त्यांचे बरेचसे म्हणणे आज विरोधकांच्या लेखनातूनच वाचावे लागते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

पेलेजियस हा ब्रिटनमधून रोमला आलेला तपस्वी. नावापुरते ख्रिस्ती झालेल्या लोकांची ‘स्वभावच दुर्बळ, काय करणार?’ ही सबब त्याला मान्य नव्हती. देव अशक्य ते सांगणार नाही. ज्याअर्थी सांगितले आहे त्याअर्थी ते जमते, असा त्याचा रोखठोक युक्तिवाद. ‘तू आज्ञा करतोस ते करण्याचे बळ दे, मग हवी ती आज्ञा कर’ ही त्याचा पुढचा मुख्य विरोधक ऑगस्टीन याच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनातली प्रार्थना एका बिशपाने पेलेजियससमोर म्हटली, तेव्हा तो खवळला, असे खुद्द ऑगस्टीनने लिहिले आहे.

हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याचा अनुभव वेगळा होता. सोळाव्या वर्षी त्याने मित्रांबरोबर रात्री नासपती चोरल्या. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती, आणि चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. चोरी हीच मौज होती. त्याच्या मते माणूस निवड करतो, पण आदामाच्या, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या माणसाच्या, पतनाने इच्छाच वाकडी झाल्यामुळे देवाच्या कृपेवाचून ती देवाकडे वळत नाही. त्याचा हुकमी पुरावा बालकांच्या बाप्तिस्म्याचा (ख्रिस्ती दीक्षाविधीचा) : बाप्तिस्मा पापक्षमेसाठी असतो, तान्ह्या मुलाने तर काहीच केलेले नसते, मग क्षमा कशाची? उत्तर, आदिपापाची, म्हणजे आदामाकडून वारशाने आलेल्या पापाची. बाप्तिस्म्याविना मेलेले बालकही दंडास पात्र, मग तो दंड सौम्य का असेना, हा निष्कर्षही त्याने पत्करला. त्याच्या विचारातले हे सर्वांत कठोर पान.

४१० मध्ये गॉथांनी रोम लुटले त्या सुमारास पेलेजियस आफ्रिकेत आणि तेथून पॅलेस्टाइनला गेला. तेथील डायोस्पोलिसच्या धर्मसभेने ४१५ मध्ये त्याला निर्दोष ठरवले. ४१८ मध्ये मात्र कार्थेजची धर्मसभा, सम्राट होनोरियस आणि आधी त्याला अनुकूल असलेला पोप झोसिमस असे सगळेच विरोधात गेले. पेलेजियसच्या मताचा पाठीराखा, एक्लॅनमचा बिशप ज्यूलियन तरीही लढत राहिला. निसर्गच बिघडलेला मानणे हा निर्मात्याचा अपमान असून, ऑगस्टीनच्या अंगातला जुना मानीपंथी (जडसृष्टीच दुष्ट मानणाऱ्या पंथात तो तरुणपणी होता) अजून गेलेला नाही, हा त्याचा टोला वर्मी बसणारा होता. त्याला दिलेले शेवटचे उत्तर अपुरे ठेवूनच ऑगस्टीन वारला.

दक्षिण फ्रान्समधील ऑरेंजच्या धर्मसभेने (५२९) श्रद्धेचा आरंभही कृपेनेच होतो असे म्हटले, पण देव कुणाला पापासाठी नेमतो ही कल्पना धिक्कारली. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत आदामाकडून मर्त्यता येते, त्याचा दोष नव्हे. सोळाव्या शतकात डच विद्वान इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याची बाजू घेतली (१५२४). जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने पुढल्याच वर्षी तिच्यावर तुटून पडणारा ग्रंथ लिहिला. पोप, पर्गेटरी (मृत्यूनंतर आत्मे शुद्ध होण्याची अवस्था) असल्या किरकोळ गोष्टी सोडून थेट वादाच्या नरडीला हात घातल्याबद्दल त्यात त्याने इरॅस्मसचे आभारही मानले आहेत.